मापाडीच्या परिषदा: दमयंतीआत्याच्या माहितीसाठी

सावेडी, अहिल्यानगर
(पाकिटावर तू नुसतं 'नगर' लिहिलंस तरी आमचा पोस्टमन आणून देतो, त्याची काळजी नको.)
गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप दमयंतीआत्याच्या पायाशी,

नृसिंहचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीत जेवढा वाकेन तेवढ्यावर भागवून घे.) इकडे सगळे ठीक. राजेश्वरी बरी आहे, ईरा कॉलेजात जाते आणि उरलेल्या वेळात आमचे इंग्रजी उच्चार सुधारते, आणि मी गणपतीचे दहा दिवस कॉलनीच्या मांडवात माईकवर उभा राहून घसा बसवून घेतला आहे. तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून तुला लांबचं लख्ख दिसतं, हे ऐकून आनंद झाला. समोरच्या घरात कोण कधी येतं-जातं तेही आता दिसतं म्हणे, असं राजेश्वरी म्हणते. मी म्हणत नाही.

परवा तू फोनवर विचारलंस की, कानिफनाथच्या कंपनीच्या परिषदेला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंय, तर ही परिषद म्हणजे नेमकं काय असतं आणि मी तिथं बोलू काय. मी 'पत्रानं कळवतो' म्हणालो तेव्हा तुला राग आला. पण आत्या, तू फोन स्पीकरवर ठेवतेस. तुझ्या शेजारच्या मनकर्णाबाई मधेच 'अगं बाई' म्हणाल्या ते मला इथे स्वच्छ ऐकू आलं. काही गोष्टी पारनेरभर व्हायच्या आधी तुला एकटीला कळाव्यात म्हणून हे पत्र. लांब झालं आहे. दोन बैठकांत वाच.

आमची कंपनी 'मापाडी सॉफ्टवेअर' काय करते हे तुला ढोबळ माहीत आहेच. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर काट्यावर दूध मोजलं, फॅट काढली की ती नोंद संगणकात जाते, शेतकऱ्याला पावती मिळते, दहा दिवसांनी बँकेत पैसे. हे सगळं आमच्या मापाडीवर चालतं. पण प्रत्येक केंद्राचा काटा वेगळा, फॅटचं यंत्र वेगळं, पतसंस्था वेगळी. ते सगळं मापाडीला जोडून द्यायचं काम तालुक्यातालुक्यातली पोरं करतात. शेवगावात दोघे आहेत, राहुरीत एक आहे, श्रीगोंद्यात एक मुलगी आहे. ह्यांना डेव्हलपर म्हणतात. वर्षातून एकदा त्यांना एकत्र बोलवायचं, कंपनीनं नवीन काय केलं ते दाखवायचं, त्यांच्या अडचणी ऐकायच्या, ह्याला म्हणतात परिषद. आता हे वाक्य तू नीट लक्षात ठेव, कारण गेल्या चौदा वर्षांत ह्यातलं काहीही घडलेलं नाही.

मूळ खापर अमेरिकेवर फोडावं लागेल. कानिफनाथ (तुझा विद्यार्थी, अजून तुझा फोन आला की खुर्चीतून उठून बोलतो) एकदा तिकडे एका मोठ्या कंपनीच्या अशाच परिषदेला जाऊन आला. तिथे म्हणे मालक साध्या शर्टात एकटाच स्टेजवर येतो, येरझाऱ्या घालत बोलतो, काहीतरी नवीन दाखवतो, आणि हजारो लोक टाळ्या वाजवतात. ना हार, ना तुरे. कानिफनाथ परत आला तो झपाटूनच. 'नृसिंह, आपणही घ्यायची,' म्हणाला. मला फार बरं वाटलं, कारण मी तेव्हा कंपनीत प्रोग्रॅम लिहायला होतो आणि मला बऱ्याच गोष्टी दाखवायच्या होत्या. मग कानिफनाथनं घरी वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, चांगलं आहे, पण कार्यक्रम म्हटल्यावर चार माणसं बोलवावी लागतील.

ती चार माणसं म्हणजे साखर कारखान्याचे दोन संचालक, दूध संघाचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष, अध्यक्षांशी बोलत नसलेले उपाध्यक्ष, पतसंस्थेचे चेअरमन, आणि ह्यांना बोलावलं म्हणून रुसू नयेत असे आणखी काही. पत्रिका लग्नासारखी छापली. वर श्रीगणेश, मग मान्यवर, मग स्वागतोत्सुक. डेव्हलपर तळाशी, 'आपले विनीत'च्याही खाली. पहिली परिषद ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये झाली. पाहुणे दुपारी झोपतात म्हणून उद्घाटन संध्याकाळी. सूत्रसंचालक ऐन वेळी आला नाही, तेव्हा कुणीतरी म्हणालं, नृसिंहचा आवाज बरा आहे, घरात पौरोहित्य होतं. झालं. तो माईक माझ्या हातात आला तो आजतागायत सुटलेला नाही.

त्या संध्याकाळी काय झालं ते ऐक. दीपप्रज्वलनाला समई लागेना, पंख्याचा वारा. अध्यक्षांच्या तीन काड्या गेल्या. मी माईकवरून (अत्यंत सुसंस्कृत आवाजात) म्हणालो की पंखे क्षणभर बंद करावेत. वॉचमन रामहरी बिचारा आज्ञाधारक. पंख्याचं बटण कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं खाली जाऊन सगळ्या इमारतीचा मेन स्विच पाडला. मापाडीचा सर्व्हर त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत. त्याला बॅटरी होती, पण त्या दिवशी ती आम्ही माईकला जोडली होती. समई छान पेटली. स्वागतगीत झालं. आणि जिल्ह्यात ऐन संध्याकाळच्या दुधाच्या वेळी सगळी केंद्रं बंद पडली. पारनेर तालुक्यातल्या एका केंद्रावरचा बन्सी मला फोन करत सुटला. मी स्टेजच्या मागे जाऊन त्याला सगळं समजावून सांगितलं, पंखा, समई, स्विच. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी तिकडं तुमी समई लावली आन् हिकडं आमचा काटा इझला. लोकं कॅन घेऊन उभी हायेत साहेब. म्हशीला काय सांगू, पाहुन्यांचा सत्कार चाललाय?"

आत्या, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढचे काही महिने ऑफिस सुटल्यावर बसून मी एक गोष्ट तयार केली. वीज जावो, रेंज जावो, सर्व्हर मरो, केंद्रावरचा काटा आपल्यापाशी नोंद धरून ठेवतो, पावतीही देतो, आणि संपर्क आला की सगळं आपोआप वर पाठवतो, एक थेंब इकडचा तिकडे न होता. दोनदा संपर्क तुटला तरी नोंद दोनदा चढत नाही, ही त्यातली खरी गंमत. (ही गंमत मी राजेश्वरीला अनेकदा सांगितली आहे. ती 'हो का' म्हणते.) माझ्या आयुष्यात मी धड केलेलं काम हे एवढंच. बाकी सगळं सूत्रसंचालन.

दुसऱ्या वर्षापासून परिषद मंगल कार्यालयात. आणि इथे कानिफनाथनं एक अक्कलहुशारी केली. पितृपक्षात लग्नं नसतात, कार्यालय स्वस्तात मिळतं, म्हणून परिषद कायमची पितृपक्षात. त्याच्या हे ध्यानात आलं नाही की पितृपक्षात जिल्ह्यात दुसरा एकही कार्यक्रम नसतो. म्हणजे एरवी ज्यांना पाच ठिकाणी जायचं असतं ते सगळे मान्यवर मोकळे. बोलावलेले येतातच, सोबत न बोलावलेलेही आणतात. स्टेजवर खुर्च्यांच्या तीन रांगा लागतात, आणि एका वर्षी तर स्टेजवरची माणसं खालच्यांपेक्षा जास्त होती. डेव्हलपर मागे हात धुवायच्या बेसिनपाशी बसतात. मग सत्कार. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुस्तक. ज्यानं सत्कार केला त्याचाही सत्कार करावा लागतो. राहिलेल्यांची नावं चिठ्ठीवर माझ्याकडे येत राहतात. तुला वाटेल, माईक तर तुझ्याच हातात, आवर की. अगं, सूत्रसंचालकाच्या हातात माईक असतो, सूत्रं नसतात.

त्याच दुसऱ्या वर्षी आणखी एक प्रकार झाला, तो तू भाषणात घेऊ नकोस. कानिफनाथला अमेरिकेसारखं काहीतरी जिवंत दाखवायचं होतं. एका कळीवर सगळ्या सभासदांना एकदम संदेश जातो, अशी नवीन सोय होती. ती दाखवायला त्यानं नमुन्यादाखल मजकूर टाकला, 'आपले आजचे दूध नाकारण्यात आले आहे', आणि पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबली. टाळ्या झाल्या. कळ खरी होती. शेवगावकडचे शेतकरी दोन टेम्पो भरून जाब विचारायला कार्यालयाच्या दारात हजर झाले. नेमकी पंगत बसत होती. कानिफनाथचे वडील धोरणी. त्यांनी हात जोडून सगळ्यांना आधी पानावर बसवलं. जेवल्यावर कोण भांडतो? त्यातल्या एक वयस्कर आक्काबाई मात्र जाताना मला म्हणाल्या, "जेवान चांगलं हुतं बाबा, पर आसा निरोप परत धाडू नगा. माज्या सुनंनं दूध वतून दिलं." कंपनीच्या अहवालात मात्र त्या वर्षीची उपस्थिती 'विक्रमी' अशी नोंदली आहे.

करोनाच्या वर्षी वाटलं, सुटलो. परिषद संगणकावरून होणार, घरबसल्या, आता कसले सत्कार. कानिफनाथच्या वडिलांनी आदल्या आठवड्यात टेम्पोनं सगळ्यांच्या घरी शाल-श्रीफळ पोचवलं. मी इथून नाव पुकारायचं आणि तिकडे त्यांच्या घरच्यांनी पांघरायची. दूध संघाच्या अध्यक्षांना त्यांच्या सौभाग्यवतींनी शाल घातली ती कॅमेऱ्यावरच, मग बराच वेळ आम्हाला शालच दिसत होती. उपाध्यक्षांनी नारळ आधीच चटणीत घातला होता, त्यांनी रिकामे हात पुढे केले. पतसंस्थेच्या चेअरमननी पूर्ण भाषण आवाज बंद ठेवून केलं, आणि कुणाच्याही ते लक्षात आणून द्यायचं मनात आलं नाही.

ह्या सगळ्यात माझं काय, तर दर वर्षी कार्यक्रमपत्रिकेत आभारांच्या आधी एक ओळ असते: 'वीज व संपर्क नसताना दूधनोंद: श्री. नृसिंह'. आणि दर वर्षी ती ओळ आली की जेवणाचा वास सुटलेला असतो, आचारी दारातून मान काढून बघत असतो, आणि मीच माईकवरून जाहीर करतो की वेळेअभावी पुढील सत्र रद्द करण्यात येत आहे, सर्वांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा. माझंच भाषण मी इतक्या वेळा रद्द केलं आहे की आता त्यात एक सफाई आली आहे. पहिल्या काही वर्षांत वाईट वाटायचं. मग राग यायचा. हल्ली थकवा येतो फक्त.

तरीही यंदा मात्र मला ते करायचंच होतं. कारण यंदाची परिषद शेवटची. मापाडी आता बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीनं घेतली आहे, पुढच्या वर्षीपासून परिषद तिकडे, हॉटेलात. तिकडून करण नावाचा एक तरुण आमच्यावर नेमला आहे. पोरगा सभ्य आहे. तो संगणकावरच्या बैठकीत इंग्रजीत म्हणाला की हा जो संपर्क नसतानाचा भाग आहे, तो सांभाळायला किचकट आहे, दिवाळीनंतर काढून टाकू, हल्ली नेटवर्क नाही असं कुठे आहे? हे विचारता विचारताच त्याचं चित्र गोठलं. आम्ही सगळे त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत बसलो. थोड्या वेळानं तो परत आला आणि म्हणाला, "तर मग ठरलं."

काढून टाकायचं काम प्रज्ञाकडे आलं आहे. शेवगावची मुलगी, आमच्याकडची सगळ्यात हुशार. आल्यापासून माझं ते काम तीच सांभाळते. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, मला नाही म्हणता येणार नाही, माझी नोकरी नवी आहे. पण ते बंगळूरचे लोक परिषदेला येणार आहेत. त्यांनी हे चालताना एकदा डोळ्यांनी बघितलं ना, तर नाही काढणार. तुम्ही बोलाच." मी बरं म्हणालो. काटा, यंत्र, एक कॅन दूध, सगळं स्टेजवर मांडून सगळ्यांसमोर वायर उपटून दाखवायची अशी तयारी केली आहे. बन्सीच्या केंद्रावर अजूनही पावसाळ्यात चार-चार दिवस रेंज नसते, आत्या. तिथल्या बायका त्या पावतीवर घर चालवतात.

तर असा हा परिषदांचा इतिहास. ह्यातलं तुला भाषणाला काय उपयोगी पडेल ते घे. तू जे बोलशील ते चांगलंच होईल. गाडी सकाळी पाठवतो. गुडघ्याला पट्टा बांधून ये, स्टेजला पायऱ्या आहेत. मनकर्णाबाईंना नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नकोस.

तुझा,
नृसिंह

ता. क. : खरं सांगायचं ते वर राहूनच गेलं. राहून गेलं असंही नाही, धीर होत नव्हता. तू पाहुण्यांतली पहिली. पहिला सत्कार तुझा. तू जर उभी राहून म्हणालीस की मी शाल घेणार नाही, तो वेळ पोरांच्या कामाला द्या, तर तुझ्यानंतर घ्यायची कुणाची छाती होणार नाही. कारखान्याचे दोन संचालक तुझ्याच वर्गात होते. सगळे सत्कार टळतील, आणि जेवणाच्या आधी मला बोलायला मिळेल. शाल मी तुला वेगळी घेऊन देईन, चांगली, लोकरी. एवढं माझ्यासाठी कर.

ता. क. २ : आणखी एक सांगणं भाग आहे, नाहीतर तिथे येऊन तू गोंधळशील. यंदाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राची ओळच नाही. त्या जागी 'प्रदीर्घ सेवेबद्दल श्री. नृसिंह यांचा सत्कार' असं आहे. कानिफनाथनं मला न विचारता केलं, आणि इतक्या प्रेमानं सांगितलं की मला तोंड उघडता आलं नाही. राजेश्वरीच्या माहेरची मंडळी तो सत्कार बघायला पुणतांब्याहून जीप करून येणार आहेत. मेव्हणा सचिन माझ्यासाठी फेटा आणतो आहे. म्हणजे तू शाल नाकारलीस की माझाही सत्कार गेला, आणि सासुरवाडीत मला पुढची काही वर्षं मान वर करता येणार नाही. तरीही नाकार. आणि वेळ मोकळा झाल्यावर माझं नाव तूच पुकार, कारण पत्रिकेत नसलेलं स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं पुकारणं माझ्याच्यानं होणार नाही. राजेश्वरीला ह्यातलं काही बोललो नाही. पत्र तेवढं पोस्टात टाकायला तिच्याकडे देतो आहे.

ता. क. ३ :
ती. आत्यांना राजेश्वरीचा नमस्कार. पाकीट चिकटलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. आत्या, तुम्ही शाल घ्या. यांनाही घेऊ द्या, माझा भाऊ फेटा घेऊन येतोय. सत्कार झाला की सत्कारमूर्तीचं मनोगत असतं. चौदा वर्षं हे स्वतः माईकवरून 'आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील' म्हणून दुसऱ्यांना उभं करतात, पण तेच आपल्यालाही लागू होतं हे यांच्या डोक्यात आलेलं नाही. मनोगताला वेळ नसते, आणि सत्कारमूर्तीच्या हातून माईक कोणी काढून घेत नाही. काटा, यंत्र आणि दुधाचा कॅन प्रज्ञा स्टेजवर आणून ठेवेल, माझं तिच्याशी बोलणं झालंय. भाषण मला पाठ आहे, मी 'हो का' म्हणते पण ऐकते. बंगळूरच्या लोकांना मराठी येत नाही, त्यांच्या शेजारी ईरा बसून सांगेल. कोणी जेवायला उठू लागलं तर तुम्ही फक्त त्याच्याकडे बघा, वर्गात बघायच्या तशा. मात्र यांना आधी काही कळू देऊ नका. कळलं तर वेळ वाचवायचा म्हणून हे स्वतःचं मनोगत स्वतःच रद्द करतील.